रामबागेतला रविवारचा कथावर्ग: ८ बैठका, १,६०० रुपये आणि एक खोटा हार

सत्तावीस वर्षं मी इंदूरच्या एका सहकारी बँकेत लोकांचं सोनं तपासलं. सोने तारण कर्जाच्या खिडकीमागे एक स्टूल, त्यावर मी, समोर काटा, कसोटीचा काळा दगड आणि तेजाबाची बाटली. दागिना आला की दगडावर घासायचा, थेंब टाकायचा, खडे-मणी वजा करून निव्वळ वजन लिहायचं, खाली सही. कथा-कादंबऱ्यांशी माझा संबंध दिवाळी अंकापुरता, तोही दुपारी डोळा लागेपर्यंतचा. तेव्हा ‘अभिजात कथांमधील आशय आणि प्रतीके’ अशा भारदस्त नावाच्या वर्गाचा अभिप्राय मी लिहावा, हे माझं मलाच जरा विचित्र वाटतंय. पण आठही रविवार न चुकता गेलो, पैसे स्वतःचे भरले (म्हणजे सुनेने मोबाइलवरून भरले आणि मी तिला नगद दिले), त्यामुळे बोलायचा हक्क आहे.

जायचं कारण अगदी घरगुती. बायको म्हणाली, “अहो, रविवारी पंख्याची पाती मोजत बसता, त्यापेक्षा कुठेतरी जाऊन या.” सुनेने जाहिरात दाखवली आणि मी हो-नाही करेपर्यंत पावती आलीसुद्धा.

वर्ग रामबागेत, एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर भरतो. चालवणाऱ्यांचं नाव मुद्दामच देत नाही. घरगुती उपक्रम आहे, माझ्या तक्रारीही आहेत, आणि इंदूरचं मराठी जग एवढंसं की सकाळी लिहिलेलं संध्याकाळच्या चहाला त्यांच्या घरी पोहोचेल. शिकवणारे दोघं. एक सर, कॉलेजात साहित्य शिकवून निवृत्त झालेले. आणि एक ताई, हिंदी शाळेत शिकवायच्या, त्या वर्गात गोष्टी मोठ्याने वाचून दाखवतात. आम्ही सोळा जण. दोन कॉलेजच्या मुली, एक डॉक्टरीणबाई, देपालपूरकडचे एक शेतकरी गृहस्थ, पुण्याहून लग्न होऊन आलेली एक मुलगी, बाकी आमच्यासारखे पेन्शनर.

जिना अरुंद आहे, कठडा एकाच बाजूला. गुडघेदुखीवाल्यांनी विचार करून जावं. खुर्च्या प्लास्टिकच्या, बिनहाताच्या, तासाभरात कंबर बोलायला लागते. चहा मात्र चांगला, आलं घातलेला, मागितला तर दुसरा कपही मिळतो. वेळ साडेनऊची छापली होती, पण रविवारी साडेनऊला इंदूरचा माणूस पोहे-जिलबीच्या ठेल्यावर असतो. सरांना हे तिसऱ्या आठवड्यात उमगलं आणि त्यांनी वेळ दहाची केली.

आता मुख्य तक्रार. टिपणवही वेगळी विकत घ्यावी लागते, २०० रुपये. स्पायरल बांधणी, ६४ पानं, त्यातली शेवटची तीन म्हणजे ‘प्रतीककोश’. डावीकडे वस्तू, उजवीकडे अर्थ. पक्षी: स्वातंत्र्य. नदी: काळाचा प्रवाह. आरसा: आत्मशोध. बर्फ: मृत्यू. सोने: लोभ. हार: हाव, तसेच पराभव. पहिल्याच दिवशी हे वाचलं आणि मला बँकेतला भावाचा फळा आठवला. सकाळी सराफ्यातून भाव यायचा, तो मी खडूने लिहायचो. पण फळा बघून कुणी दागिना तपासत नाही. भाव सोन्याचा असतो. समोरची बांगडी सोन्याची आहे का, ती किती भरते, आत पोकळ आहे का, हे बांगडी हातात घेतल्याशिवाय कळत नाही. सर दर गोष्टीला आधी फळा वाचायचे आणि मग बांगडी.

दुसऱ्या रविवारी फ्रेंच लेखक मोपासाँची हाराची गोष्ट होती, १८८४ सालची. शेवट फोडतोय, तेव्हा वाचली नसेल तर इथेच थांबा आणि आधी वाचून या, अर्ध्या तासाचं काम आहे. कारकुनाची बायको मॅथिल्ड. मंत्र्याकडच्या समारंभाचं बोलावणं येतं. नवऱ्याने बंदूक घ्यायला साठवलेले ४०० फ्रँक तिच्या पोशाखात जातात, आणि गळ्यात घालायला श्रीमंत मैत्रिणीकडून हिऱ्यांचा हार उसना आणतात. घरी येईस्तोवर हार हरवलेला. तसाच दुसरा ३६,००० फ्रँकना घेऊन परत करतात आणि पुढची दहा वर्षं कर्ज फेडण्यात घालवतात. कर्ज फिटल्यावर एक दिवस ती मैत्रीण भेटते आणि सांगते, अगं, माझा हार खोटा होता, फार तर ५०० फ्रँकचा.

टिपणवहीत ३६,००० च्या जागी ३,६०० छापलंय. मी हात वर करून म्हटलं, “सर, एवढ्याशा रकमेला दहा वर्षं कशाला लागतील? नवऱ्याकडे वडिलांचेच अठरा हजार होते.” सर म्हणाले, “पारखी काका, आकड्यांत अडकू नका, आशय बघा.” (वर्गात माझं नाव तोवर पारखी काका पडलं होतं.) मी गप्प बसलो, पण राग आला. आकडे काढून घेतले तर त्या गोष्टीत उरतं काय? बायको ठेल्यावर एकेका नाण्यासाठी घासाघीस करते, नवरा रात्री दुसऱ्यांच्या वह्या उतरवून देतो, ते सगळं त्या ३६,००० च्या खाली दबलेलं आहे. एक शून्य गळलं की गोष्टच हलकी होते.

घरी येऊन गोष्ट पुन्हा काढली, पेन्सिल घेऊन बसलो. आणि खरं सांगतो, इतकी वर्षं दागिने बघितले पण कागदावरचा दागिना असा कधी बघितला नव्हता.

नवा हार घेतात तो सौदाच बघा. सराफ ४०,००० सांगतो, ३६,००० ना तुटतं. नवरा बोली करतो, तीन दिवस दुसऱ्याला विकू नका, आणि पहिला हार फेब्रुवारीअखेर सापडला तर हा ३४,००० ला परत घ्या. दोन हजारांची घट धरून परतीची बोली! हे वाचून मी खुर्चीत ताठ झालो. लिहिणारा माणूस कधीतरी पेढीवर बसून आला असणार. मग उरलेल्या अठरा हजारांसाठी नवरा दारोदार जातो, इथून हजार, तिथून पाचशे, कुणाकडून पाच लुई (सोन्याची नाणी), कुणाकडून तीन. आमच्या खिडकीशी येणारी माणसं अशीच हिशेब सांगायची, मोठ्या रकमेपासून सुरुवात आणि शेवटी शंभर-दोनशेवर.

त्याच्याही आधीची गंमत. हार मागायला जाते तेव्हा मैत्रीण अख्खी पेटी पुढ्यात ठेवते. आत कंकणं आहेत, मोत्यांचा सर आहे, सोन्याचा, खडे जडवलेला, व्हेनिसच्या घडणीचा नामी क्रॉस आहे. मॅथिल्ड एकेक घालून आरशात बघते आणि विचारते, आणखी काही नाही का तुझ्याकडे? मग काळ्या सॅटिनच्या डबीतला तो हार दिसतो आणि तिचे हात कापायला लागतात. तिच्यापुढे ती घडण होती, आणि तिने डबी उचलली.

हार हरवतो, डबी उरते. नवरा-बायको डबीच्या आत ज्याचं नाव आहे त्या सराफाकडे जातात. तो वह्या बघून सांगतो, हार मी विकलेला नाही, डबी तेवढी माझ्याकडची असेल. इथे माझ्या अंगावर काटा आला. दागिना एकाकडचा, डबी दुसऱ्याकडची! कुठल्याही सराफाचे कान टवकारले असते. लेखकाने उत्तर मधल्याच पानावर सगळ्यांसमोर ठेवलंय आणि दोघं ते बघून पुढच्या दुकानाकडे धावतात. आपणही त्यांच्याबरोबर धावतो. आणि शेवटी नवा हार परत देते तेव्हा मैत्रीण कुरकुर करते, लवकर द्यायचा होतास, पण डबी उघडून बघत नाही. मॅथिल्डला भीती तिने उघडण्याची. उघडली असती तर गोष्ट तिथेच संपली असती, दहा वर्षं वाचली असती.

प्रतीककोशात ‘हार’ आहे, ‘डबी’ नाही. हे मी पुढच्या रविवारी सांगितलं. सरांचं मोठेपण म्हणजे ते मिनिटभर काही बोलले नाहीत, मग उठून फळ्यावर ‘डबी’ लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. ‘हार म्हणजे पराभव’ मात्र त्यांनी सोडलं नाही. अहो, हे मराठी-हिंदीत जमतं. फ्रेंचमध्ये त्या गोष्टीचं नाव ‘ला पारूर’, म्हणजे दागिना, साज. मोपासाँला आपली कोटी कुठून सुचायची!

डबीवरून मग मी वर्गात एक प्रसंग सांगितला, जो घरीही कधी सांगितला नव्हता.

पन्नाशीच्या एक बाई जोड पाटल्या घेऊन आल्या होत्या. मुलाच्या फीसाठी पैसे हवे होते. लाल मखमलीची डबी, झाकणात सराफ्यातल्या एका जुन्या पेढीचं नाव सोनेरी अक्षरांत. मोठ्या बहिणीने लग्नात घातलेल्या, असं त्यांनी सांगितलं. पेढीचं नाव बघून मी अर्धा निश्चिंत झालो, खोटं कशाला बोलू. दगडावर कस उमटला पिवळाधमक. थेंब टाकला, रेघ जशीच्या तशी. पण हाताला पाटली हलकी लागली. म्हणून आतल्या कडेला कानस लावली, पुन्हा घासली, पुन्हा थेंब. हिरवा फेस आला. वर जाड मुलामा, आत तांबं. मी काचेजवळ वाकून हळू आवाजात सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, “एकदा वजन करून बघा ना परत.” वजनाचा काही संबंध नव्हता, तरी मी केलं. दोन्ही वेगवेगळ्या तोलल्या. आकडा तोच. त्यांनी पाटल्या डबीत ठेवल्या, डबी रुमालात बांधली आणि विचारलं, “हे माझ्या ताईला कळवावं लागतं का तुम्हाला?”

वर्ग शांत. सर उठले आणि फळ्यावर लिहू लागले, ‘आभास विरु’, आणि पेन सुकलं. (ते पेन आठही आठवडे तेच होतं, याचीही नोंद घ्यावी.) मागून कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, “काका, मग तुम्ही काय सांगितलंत?” मी म्हटलं, नाही कळवावं लागत. ती म्हणाली, “मग मैत्रिणीनेही मॅथिल्डला सांगायला नको होतं, नाही का?”

पुढचा अर्धा तास या वर्गाने मला दिलेला सगळ्यांत चांगला अर्धा तास. सरांनी फळा सोडून खुर्ची ओढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सांगायलाच हवं, ३६,००० चा खरा हार आता तिच्याकडे आहे, तो परत करायचा की नाही? त्या मुलीने गोष्टीतली ओळ वाचून दाखवली. कर्ज फेडल्याचं सांगताना मॅथिल्ड हसते, अभिमानाचं, भाबडं हसू. दहा वर्षांत ती अशी हसल्याचं लेखकाने दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही. आणि पुढच्याच वाक्यात मैत्रीण तिचे दोन्ही हात हातात घेते आणि ते हसू काढून घेते. हात धरलेत म्हणजे दया आहे, म्हणूनच जास्त लागतं, असं ती मुलगी म्हणाली. वय एकोणीस असेल. मी वहीत लिहून ठेवलं.

तिसऱ्या रविवारी ताईंनी प्रेमचंदांची ‘पूस की रात’ वाचली, १९३० ची. हिंदीतूनच, अनुवाद वगैरे भानगड नाही. इंदूरच्या मराठी माणसाला प्रेमचंद मराठीत वाचून दाखवणं म्हणजे पोह्यांवर जिरावन मसाला न घालता पुढे करणं. हलकूने कांबळ्यासाठी तीन रुपये जमवलेत, सावकाराचा माणूस दारात उभा आहे, आणि बायको मुन्नी म्हणते, पैसे दिले तर ‘माघ-पूस की रात हार में कैसे कटेगी?’ पुण्याच्या मुलीने हळूच विचारलं, “ताई, हारात म्हणजे?” ताई म्हणाल्या, तिकडच्या बोलीत हार म्हणजे शेत, शिवार. शेजारचे पेन्शनर माझ्या कानाशी पुटपुटले, “घ्या, हा तिसरा हार.”

ताईंचं वाचन हीच या वर्गाची खरी मिळकत. आवाज चढवत नाहीत, हातवारे नाहीत. हलकू जबरा कुत्र्याला कुशीत घेतो तिथे त्या नुसत्या सावकाश होतात. आंब्याच्या बागेतला पाचोळा गोळा करून तो शेकोटी पेटवतो, ऊब आल्यावर पोरासारखा तीवरून उडी मारतो, कुत्र्यालाही बोलावतो, तिथे वर्गात सगळे हसले. मग नीलगायी शेतात शिरतात. चरण्याचा चर-चर आवाज येतोय, हलकूला ऐकू येतोय, आणि तो उठत नाही.

सरांचा कोश म्हणाला, नीलगाय: शोषक व्यवस्था. तेव्हा देपालपूरवाले पहिल्यांदा बोलले. सर, आमच्याकडे याला रोजडा म्हणतात. रात्री रोजडे आले की कळप येतो. हरभरा असो, गहू असो, खातो त्याहून जास्त तुडवतो. मचाणावर बसावं लागतं, डबे वाजवावे लागतात. थंडीत गोधडीतून पाय बाहेर काढायचा म्हणजे काय, हे बसल्याशिवाय नाही कळायचं. एकदा ते स्वतःच उठले नव्हते. सकाळी भावाला सांगितलं, झोप लागली होती. “झोप कुठची, जागाच होतो.”

हलकूही सकाळी तेच करतो, पोट दुखत होतं म्हणून सांगतो. शेत उजाड झालंय, मुन्नी उदास आहे, आणि हा खुश, आता रात्री थंडीत इथे झोपायला तरी नको. या शेवटावर परीक्षेत पानं भरता येत असतील. देपालपूरवाल्यांनी तो चार वाक्यांत उलगडला आणि गप्प बसून चहा प्यायले.

मधल्या दोन-तीन बैठका मी भराभर सांगतो, कारण माझ्यासाठी त्या तशाच गेल्या. रशियन लेखक चेखॉव्हच्या गाडीवानाची गोष्ट (१८८६) ताईंनी वाचली म्हणून अंगाला लागली. मुलगा वारलाय आणि ऐकून घ्यायला कुणी नाही, शेवटी म्हातारा घोडीला सांगतो. ‘बर्फ: मृत्यू’ असं म्हणायची सरांनी त्या दिवशी टाळाटाळ केली, तेव्हाच मला वाटलं की माणूस बदलतोय. म्हातारा अंगावरचा बर्फ झटकत नाही एवढंच ते म्हणाले. एका रविवारी जी. ए. कुलकर्णींची कथा होती, तो रविवार माझ्या डोक्यावरून गेला, डॉक्टरीणबाई मात्र भारावलेल्या दिसल्या. एक बैठक ‘आशय आणि विषय यांतील फरक’ यावर होती. त्या दिवशी चहा तीन वेळा झाला.

सहाव्या रविवारी अण्णा भाऊ साठ्यांची ‘स्मशानातील सोनं’. इथे माझा आणि कोशाचा उघड झगडा झाला. भीमा वारणाकाठचं गाव सोडून मुंबईला आलेला, दगडाच्या खाणीत काम करणारा गडी. खाण बंद पडते. चितेच्या राखेत त्याला सोनं सापडतं आणि तो रोज राख चाळायला लागतो. पुढे पुरलेली प्रेतं उकरायला लागतो. सर म्हणाले, “सोने: लोभ. पारखी काका, हे तरी मान्य?”

मुळीच नाही. माझ्या वडिलांचं काम सराफ्याच्या मागच्या गल्लीत चालायचं. आमच्याकडे भट्टीची राख, बैठकीखालची झाडण वर्षभर पोत्यात साठवून ठेवायचे. दुकानं उघडायच्या आधी न्यारिये यायचे, महाराष्ट्रात त्यांना झारेकरी म्हणतात. ब्रश घेऊन गल्लीतली धूळ, नालीतला गाळ गोळा करायचे, घमेल्यात धुवायचे, धुऊन धुऊन शेवटी तळाला डोळ्याला दिसेल न दिसेल असा कण. त्याच सराफ्यात रात्री लोक साबुदाण्याची खिचडी आणि गराडू (तळलेला कंद) खायला येतात, पायाखाली काय आहे त्यांना पत्ताही नसतो. लहानपणी मी त्या माणसांना बघत उभा राहायचो. त्यांना लोभी म्हणायची हिंमत कुणाची होणार नाही. दिवसभराच्या चाळणीत दिवसाची मजुरी निघाली तर निघाली.

भीमाने नेमकं तेच केलंय. हाताला काम नाही, चाळायला राख आहे, त्याने राखेची खाण केली. सोनं त्याच्यासाठी हजेरी आहे. गोष्ट घसरते ती तो राख सोडून ताज्या प्रेताकडे वळतो तिथे, आणि त्या रात्रीचं वर्णन ताईंनी वाचलं तेव्हा पुण्याची मुलगी उठून बाहेर गॅलरीत गेली. कोल्ह्यांशी झोंबी, पहारीने उचकटलेला जबडा, आणि त्यात अडकलेली बोटं. दोन बोटं कापावी लागतात. आणि त्याच दिवशी बातमी येते, खाण पुन्हा सुरू झाली.

मी म्हटलं, सर, प्रतीक शोधायचं तर बोटं बघा. सोनं सगळ्या गोष्टीभर चमकतंय म्हणून आपण तिकडे बघतो, जशी मॅथिल्ड डबीकडे बघत होती. भीमाचं भांडवल दोन बोटं होती. पहाड फोडायची पहार त्यांत धरली जायची. नोकरीत असताना माझ्याही उजव्या हाताच्या दोन बोटांची कातडी तेजाबाने कायम पिवळी असायची, घरी जेवताना बायको म्हणायची, हात धुतलेत ना? कस लावताना दागिन्याचा दाब त्याच बोटांना कळतो. ती गेली असती तर मला कोणत्या बँकेने ठेवलं असतं? हे सगळं मी जरा जास्तच चढ्या आवाजात बोललो, नंतर कानकोंडं झालं. सर म्हणाले, “बोला बोला, मी लिहून घेतोय.” आणि खरंच लिहीत होते, टिपणवहीच्या मागच्या कोऱ्या पानावर.

आता व्यवहाराचं. १,६०० रुपये जास्त आहेत का? आठ रविवार, दोन-दोन तास, म्हणजे तासाला शंभर. ताईंच्या वाचनासाठी मी दुप्पट देईन. सर माणूस म्हणून लोभस आहेत, वाचन अफाट आहे, पण त्यांना पहिले चार आठवडे फळ्यापासून सोडवायला लागतं. टिपणवही घेऊ नका, २०० रुपये वाचवा आणि मूळ कथा मिळवून वाचून जा, न वाचता गेलात तर नुसते मान डोलवत बसाल. ज्यांना परीक्षेसाठी तयार उत्तरं हवीत त्यांना कदाचित त्या तीन पानांचा उपयोग होईल, कॉलेजच्या मुलींपैकी एकीला झाला. नव्या टिपणवहीत तीन पानांचं एक होणार आहे असं ऐकतो. एकही नको, असं मी सांगून आलोय.

शेवटच्या रविवारी सरांनी मला कसोटीचा दगड आणायला सांगितला होता. नेला. तेजाबाची बाटली घरीच ठेवली, वर्गात लहान जागा, कशाला धोका. मी दगड रुमालावर ठेवल्याबरोबर बायकांनी अंगठ्या काढल्या, डॉक्टरीणबाईंनी साखळी, ताईंनी एक जुनं कुडं. मी एकेक घासून रेघा काढून दाखवल्या, बावीस कॅरेटची कशी दिसते, चौदाची कशी फिकट पडते. सोळा माणसं दगडावर डोकं घालून बघत होती. एका अंगठीशी माझं बोट जरा थांबलं. त्या बाईंनी विचारलं, “बरी आहे ना?” मी म्हटलं, घडण फार सुरेख आहे, आणि पुढची अंगठी घेतली. कॉलेजातली ती मुलगी माझ्याकडे बघून हसली. आता ती वर्गात काय सांगेल याची धास्ती आहे.

पुढची तुकडी पोळ्यानंतर सुरू होते, फी तीच आहे. खुर्च्याही त्याच आहेत, उशी घेऊन जा.